साल काढली का?

मिस्त्रीणबाईंना लोक चेहऱ्याने कमी आणि पायांनी जास्त ओळखत. स्वयंपाकघराचे दगडी ओटे घालायचे आणि त्या ओट्यांत सिंक बसवायचे, हा त्यांच्या घरचा धंदा. ओट्यावरचं सगळं काम मिस्त्रींचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, आणि ओट्याखालचं सगळं बाईंचं. त्यामुळे गिऱ्हाईक जेव्हा जेव्हा स्वयंपाकघरात डोकावे, तेव्हा त्याला सिंकखालच्या कपाटातून बाहेर आलेले दोन पाय तेवढे दिसत. मिस्त्री वर उभे राहून कपातला चहा फुंकत गप्पा ठोकत असत. काम आटोपलं की गिऱ्हाईक मिस्त्रींचे आभार मानी आणि जाता जाता त्या पायांकडे बघून म्हणे, "बाईंची पण बरीच मदत होते हं तुम्हाला."

"होते की," मिस्त्री मोठ्या मनाने म्हणत.

हा 'मिस्त्रीण' शब्दच मुळात लबाड आहे. डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई होते, मग तिला तापाची गोळी कुठली आणि खोकल्याची कुठली हे कळो न कळो. मास्तरांची बायको मास्तरीणबाई, तिने जन्मात खडू हातात धरला नसला तरी. आणि जी बाई स्वतः वर्गावर उभी राहून घसा कोरडा करते, तीही मास्तरीणच! आपल्या बाई लग्न होऊन आल्या त्याच दिवशी मिस्त्रीणबाई झाल्या, तेव्हा त्यांना पान्हा आणि पक्कड यांतला फरक माहीत नव्हता. पुढे इतकी वर्षं ओट्याखाली पाठ घासली, केसांत सिमेंट माळलं, तरी राहिल्या मिस्त्रीणबाईच. शब्द तोच असल्यामुळे बढती झालेली कुणाला कळली नाही, त्यांनी ती मागितलीही नाही.

त्या या धंद्यात शिरल्या त्या अक्षरशः शिरल्या. मिस्त्री अंगाने दणकट. कपाटात डोकं घातलं तर खांदे बाहेर राहत, आणि खांदे आत घातले तर तोंडातून नको ते शब्द बाहेर पडत. एकदा हाताखालचा माणूस ऐन कामात भांडून निघून गेला. बाई नेमक्या तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आलेल्या. नवऱ्याची ती कपाटाशी चाललेली कुस्ती त्यांनी थोडा वेळ बघितली आणि म्हणाल्या, "सरका बघू जरा." त्या दिवशी आत गेल्या त्या कायमच्याच.

शिकवलं मात्र मिस्त्रींनी, आणि मनापासून शिकवलं. हल्लीचं सिंक दगडावर टेकलेलं नसतं, ते दगडाच्या खालून, त्याच्या पोटाला चिकटवलेलं असतं. वरून बघायला झकास, कुठे काठ नाही की फट नाही. पण सगळा भार गोंदावर, आणि गोंद हा फार मानी प्राणी. दगडावर धुळीचा कण दिसला, तेलाचा ओघळ दिसला, की तो रुसतो. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे साल. नव्या सिंकला चरे पडू नयेत म्हणून त्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं येतं. मिस्त्री त्याला साल म्हणत. ती काठावरून काढायची राहिली तर गोंद सालीला घट्ट धरतो, साल सिंकला नुसती चिकटलेली राहते, आणि एक दिवस सिंक सालीतून सुटून खाली येतं. म्हणून प्रत्येक कामावर पहिली आरोळी ठरलेली: "साल काढली का?" काढलेली समोर दिसत असली तरी आरोळी व्हायचीच. पुढे पुढे तो घरातला मंत्रच झाला. लेक लहानपणी पुस्तक उघडून नुसती खिडकीबाहेर बघत बसली, तरी मिस्त्री विचारायचे, "साल काढली का?" आणि ती मुकाट्याने पहिलं गणित घालायची.

गेल्या वर्षापासून मिस्त्रींची नजर चालली होती. आधी टेपवरचे आकडे नाकाशी आले, मग चहा कपाबाहेर पडायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, मागच्या पडद्याचा दोष आहे, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "थकवा आहे म्हणाले, दुसरं काही नाही." बाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ब्र काढला नाही.

न काढायला कारण होतं. मिस्त्रींचा थोरला भाऊ गवंडी. पाठ धरली म्हणून एक दिवस "आता जरा बसतो" म्हणाला आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसला. तो काही मेला नाही, खात होता, पीत होता, पण त्या खुर्चीतून मनाने कधी उठलाच नाही. आधी हसणं गेलं, मग बोलणं गेलं. मिस्त्री त्याला भेटून आले की रात्रभर कूस बदलत आणि सकाळी म्हणत, "माणूस बसला की संपला." तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला. कुठल्याही गिऱ्हाइकाने खुर्ची पुढे केली की, "नको नको, उभाच बरा आहे," असं म्हणायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची सिंक बसवणारा माणूस, पण स्वतः बसायला भ्यायचा.

ती खुर्ची नवऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी बाईंनी खोटेपणा सुरू केला. मिस्त्रींनी दगड पुसला की बाई म्हणत, "माझं फडकं आत राहिलं वाटतं," आणि आत जाऊन पुन्हा पुसत. त्यांनी खूण केली की बाई पेन्सिल शोधायच्या निमित्ताने दुसरी खूण करत. "डावी बाजू तुम्हीच बघा, मला काही कळत नाही," असं म्हणत डावी बाजू आधीच बघून ठेवत. मिस्त्रींना वाटत होतं, आपला हात अजून तसाच आहे, आणि तसं वाटण्यावरच तो माणूस उभा होता.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि बाई तिच्याकडे गेल्या. जाताना त्यांनी बजावलं, "मी येईपर्यंत नवं काम घेऊ नका." मिस्त्री म्हणाले, "छे, छे." म्हणजे घेतलं.

त्यांनी ते एकट्याने केलं, कपाटाचं दार काढून, खांदे खरवडून घेत. बाई परत आल्यावर केवढ्या फुशारक्या मारल्या! "तुझ्यावाचून काही अडत नाही हो आमचं." बाई हसल्या. मग त्यांच्या खरवडलेल्या खांद्यांना हळद लावून दिली.

एका सकाळी फोन आला. तिकडून बोलत होत्या केकवाल्या बाई. त्या घरीच केक करून विकत. "मिस्त्री, तुमचं सिंक खाली आलंय."

"माझं सिंक?" मिस्त्री ओरडले. "माझं सिंक खाली येत नसतं. तुम्ही नीट बघितलं का?"

"आता माझ्या मांडीवर यायचं तेवढं बाकी आहे," केकवाल्या बाई म्हणाल्या.

दोघं हत्यारांची पिशवी घेऊन निघाली. वाटेत मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा चालू. दगडच हलका असेल, नाहीतर बाईने सिंकमध्ये उभं राहून खिडकी पुसली असेल, लोक काय वाट्टेल ते करतात. हेच ते एकट्याने केलेलं काम. कुठे पाणी मुरतंय हे बाईंना न बघताच कळलं होतं.

स्वयंपाकघर नीटनेटकं, लोण्याच्या वासाचं. सिंक एका बाजूने तिरकं लोंबत होतं. केकवाल्या बाईंनी त्याच्याखाली मैद्याचा डबा आणि डब्यावर जाडजूड पुस्तकं रचून ते कसंबसं अडवलं होतं. कपाटाचा तळ भिजलेला. त्या चिडलेल्या होत्या, आणि चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

"रात्रीची भांडी ठेवली होती तेवढीच," त्या म्हणाल्या. "धाडकन आवाज आला. उद्या मोठा केक द्यायचाय मला."

मिस्त्रीणबाई पाठीवर निजल्या आणि कपाटात शिरल्या. टॉर्च लावली. बघायला फार वेळ लागला नाही. दगडाच्या पोटाला गोंदाची पट्टी घट्ट धरून होती, चांगली भरघोस, मिस्त्रींच्या हातची. आणि तिच्यावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी लोंबत होतं. पारदर्शक. टॉर्च तिरकी धरली तरच दिसणारं.

साल!

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसरं काही ओरडून विचारलं नाही, त्याच्याच हातून साल राहिली होती. त्याला ती दिसलीच नव्हती.

"काय दिसतंय?" वरून मिस्त्रींचा आवाज. नेहमीचाच करडा, पण शेवटी जरासा कापलेला.

बाईंनी लोंबणारी साल फाडून काढली, तिची घडी केली आणि खिशात कोंबली. "गोंद मऊ पडलेला दिसतोय. उकळतं पाणी ओतलं गेलं असेल वरचेवर."

"बघा!" मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. "मी म्हटलं नव्हतं? बाई, तुम्ही उकळतं पाणी ओतता का हो?"

केकवाल्या बाईंचा आवाज एकदम खाली आला. "ओतते ना. लोणी असतं सगळ्याला. त्याशिवाय ट्रे निघतच नाहीत." मग थोडं थांबून, "म्हणजे माझंच चुकलं की काय? मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले. आणि आता गरम पाणी सोडायचंच नाही म्हटलं, तर मी काम करू कसं?"

मिस्त्रीणबाई आत अंधारात पडून ऐकत होत्या. वर्षभर त्या खोटं बोलत होत्या, पण त्याची झळ कुणाला लागली नव्हती. आता लागली होती. एक भली बाई काही न करता स्वतःला दोष देत होती, गरम पाणी कसं टाळायचं याचा विचार करत होती, आणि खिशातली साल तर जणू चटके देत होती. खरं सांगावं तर वर उभा असलेला माणूस जायचा खुर्चीत. न सांगावं तर या बाईने जन्मभर कोमट पाण्यात लोणी खरवडायचं. मिस्त्रीणबाईंनी पान्हा उचलला. त्या नुसत्याच पाइपचा आटा सोडवत राहिल्या.

पाइप सुटला. दोघांनी मिळून सिंक खाली घेतलं आणि मिस्त्रींनी ते जमिनीवर पालथं न घालता उताणं ठेवलं. मग सवयीने, सिंक हाती आलं की करत तसं, त्यांनी त्याच्या काठावरून बोट फिरवलं. एक बाजू. दुसरी बाजू. बोट एका कोपऱ्यात अडखळलं, तिथे थोडा गोंद होता, तेवढाच. बाकी काठ आरशासारखा गुळगुळीत. गोंद मऊ पडून सुटला असता तर काठाला लडबडलेला राहिला असता. तिथे गोंद कधी लागलाच नव्हता. नजर नसली तरी मिस्त्रींना एवढं कळत होतं.

त्यांनी सगळ्या काठावरून बोट पुन्हा एकदा फिरवलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, साल कुठंय?"

बाई कपाटातून बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना, म्हणून त्याच्या हाताकडे बघत त्यांनी खिशातली घडी त्या हातावर ठेवली. मिस्त्रींनी ती उलगडून खिडकीकडे धरली, डोळे बारीक केले, मान वाकडी केली. दिसली नाही. मग चिमटीत धरून चाचपली.

"ही लपवलीस तू," ते म्हणाले.

"हो."

"आजच?"

बाईंनी मान हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना नीट दिसायची नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं. पुसते मागनं. खुणा बदलते. तुम्ही बसाल म्हणून भीती वाटत होती मला. भावजींसारखे."

एवढं बोलून त्यांना रडू फुटलं, तेही परक्याच्या स्वयंपाकघरात, लोण्याच्या वासात. केकवाल्या बाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. काय चाललंय हे त्यांना पुरतं कळलं नाही, पण समोरच्या माणसाने ओट्याचा आधार घेतलेला दिसला, म्हणून त्यांनी जे कुणीही केलं असतं ते केलं. जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची आणून मिस्त्रींच्या मागे ठेवली. "बसा ना, मिस्त्री."

मिस्त्रीणबाईंना वाटलं, ती खुर्ची उचलून बाहेर फेकावी.

मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी सालीचा बोळा केला आणि केकवाल्या बाईंकडे वळले. "बाई, तुमचं गरम पाणी खुशाल ओता. उकळतं ओता. चूक माझी आहे. साल काढायची राहिली माझ्याकडून. दिसली नाही मला." शेवटचे तीन शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते, घरीदारी, कुणापाशीही. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बरं. आता कसं करायचं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना हजारदा विचारला होता. उलट दिशेने तो कधी आला नव्हता. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुम्ही काठ घासा काचकागदाने. चकाकी जाईपर्यंत घासा, बोटाला कळेल तुमच्या. दगड मी बघते."

आणि काम सुरू झालं. बाईंनी दगडाखालचा जुना गोंद पात्याने खरवडला, थिनरच्या फडक्याने पुसला, सुकू दिला, पुन्हा पुसला. मग चिकटपट्टीचा तुकडा दगडाला दाबून ओढून बघितला. पट्टीवर पिठासारखी धूळ आली. आणखी पुसलं. यावेळी पट्टी स्वच्छ निघाली. काठावर मिस्त्रींचं बोट फिरत होतं आणि जिथे गुळगुळीत लागेल तिथे कागद पुन्हा चालत होता. त्या कोपऱ्यात त्यांनी इतकं घासलं की केकवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, भोक पडेल."

गोंद कालवला तो बाईंनी, लावला तोही बाईंनी, कडेने सिलिकॉनची सलग रेघ ओढली. सिंक उचललं ते मात्र मिस्त्रींनी. त्या दंडांना काही झालेलं नव्हतं. एकट्याने खालून पेलून धरलं, आणि बाई सांगत गेल्या तसं केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवलं. मग बाईंनी दोन्ही बाजूंना लाकडाचे टेकू ठोकले. सिंकच्या भोकातून आट्यांची सळई वर गेली, वर ओट्यावर आडवी फळी, फळीवर नट. नट आवळायला मिस्त्री, सांगायला बाई.

"आवळा. अजून. थांबा! आता हळू."

कडेने सिलिकॉन सारखं बाहेर आलं. बाई टॉर्च घेऊन फट तपासायला लागल्या, एका कोपऱ्यापासून. या कामाला वेळ लागतो, आणि वरच्या माणसाला तेव्हा काही काम नसतं.

कपाटातून त्यांना मिस्त्रींचे फक्त पाय दिसत होते. लोक मला बघतात ते असं, त्यांच्या मनात आलं. ते जुने, रुंद पाय थोडा वेळ ओट्याशी थांबले. मग वळले. खुर्चीच्या चार पायांपाशी गेले, तिथे घुटमळले. खुर्ची करकरली.

मिस्त्री बसले होते.

बाईंच्या हातातली टॉर्च तशीच राहिली. आता झालं, संपलं सगळं, असंच त्यांना वाटलं. वर केकवाल्या बाई काही बोलल्या, कप वाजला, मिस्त्री काहीच बोलले नाहीत. पाय हलत नव्हते. बाई त्या पायांकडे बघत राहिल्या, कोपरा तपासायचा विसरून.

"मिस्त्री," वरून आवाज आला, "बसलं का?"

बाई वाट बघत राहिल्या. मिस्त्रींना कुणीतरी विचारतंय, ते देतील उत्तर, म्हणून. आवाज मिस्त्रींचाच होता हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नाही.

"अहो मिस्त्री!" पुन्हा आवाज आला, आता जरा चढा. "तुम्हालाच विचारतोय. सिंक बसलं का?"

'अगं'शिवाय दुसरी हाक माहीत नसलेल्या तोंडातून ते 'अहो' आलं होतं. बाईंनी टॉर्च फिरवली, राहिलेला कोपरा बघितला, अगदी शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "बसलं."

खुर्ची पुन्हा करकरली. पाय जमिनीवर घट्ट रोवले गेले, उभे राहिले आणि ओट्याकडे चालत आले.

"मग बोला," मिस्त्री म्हणाले, "पुढं काय करू?"

"फडकं द्या," बाई म्हणाल्या, आणि कपाटातून हात बाहेर काढला.